मोबाइलवरचा फोटो, डॉक्टरांचा फोन आणि शिक्का मारायची चिठ्ठी

पत्र: सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी वर्षभरापूर्वी मेडिकल सुरू केलं. फार्मासिस्ट मीच, परवान्यावर नावही माझंच. हल्ली बरंच गिऱ्हाईक चिठ्ठी आणतच नाही. मोबाइलवर फोटो दाखवतात, नाहीतर पुण्याला असलेला मुलगा आईच्या औषधांचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकतो. समोरचे डॉक्टर फोन करतात, "पेशंट पाठवतोय, अमुक दे, चिठ्ठी संध्याकाळी कंपाउंडरबरोबर पाठवतो." बीपी-शुगरचे लोक दीड वर्षापूर्वीचा, घड्यांवर फाटलेला कागद घेऊन येतात. झोपेच्या गोळ्यांवरून तर रोज वाद. शेतकरी जनावरांची औषधं मागतात. नाही म्हटलं की माणूस शेजारच्या दुकानात जातो. दुपारी मी जेवायला घरी गेले की भाऊ काउंटर सांभाळतो. पुढच्या महिन्यात तपासणी आहे असं कानावर आलंय. कायद्याच्या दृष्टीने चिठ्ठी म्हणजे नेमकं काय, आणि फोटो चालतो की नाही, ते एकदा स्पष्ट सांगाल का? (एक फार्मासिस्ट)

उत्तर: ताई, तुमचे बहुतेक प्रश्न एकाच नियमापाशी येऊन थांबतात. औषधे व सौंदर्य प्रसाधने अधिनियम, १९४० खाली जे औषध नियम, १९४५ आहेत, त्यातला नियम ६५ म्हणजे तुमच्या परवान्याच्या अटी. परवाना भिंतीवर लावतो आणि अटी वाचायच्या राहून जातात. त्यातल्या पोटनियम ११ मध्ये एक छोटं कलम आहे: औषध देताना चिठ्ठीवर, डॉक्टरांच्या सहीच्या वरच्या जागेत, विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि औषध दिल्याची तारीख नोंदवायची. त्यासाठीच आपण शिक्का करून घेतो. बरेच दुकानदार तो चिठ्ठीच्या पाठीमागे मारतात किंवा मारतच नाहीत.

फोटोचा प्रश्न या शिक्क्यातच सुटतो. शेड्यूल एच किंवा एक्समधलं (नियमांच्या या याद्यांतलं औषध चिठ्ठीशिवाय विकता येत नाही) औषध लिहिलेली चिठ्ठी, डॉक्टरांनी तसं लिहिलं नसेल तर, एकदाच वापरायची असते. ती वापरली गेली हे पुढच्या दुकानदाराला कळायचं एकच साधन, तो शिक्का. फोटोवर शिक्का मारता येत नाही. सकाळी तुमच्याकडे दाखवलेला फोटो दुपारी बसस्टँडजवळच्या मेडिकलमध्ये आणि संध्याकाळी पुढच्या गावात तितकाच कोरा असतो. तीस गोळ्यांच्या चिठ्ठीवर नव्वद गोळ्या जमवणं अशाने अवघड राहत नाही. म्हणून डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलेल्या चिठ्ठीचा फोटो आला, तर त्यावरून औषधं काढून ठेवा, स्टॉक बघा, बिल तयार ठेवा. पण शेड्यूलमधलं औषध हातात द्यायचं ते मूळ कागद समोर आल्यावर, शिक्का मारून. पुण्याच्या मुलाला एवढंच सांगा: "आईकडचा कागद कुणाबरोबर तरी पाठवा, औषधं तयार आहेत."

फोटोत आणखी एक धोका आहे. व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून पाठवलेल्या फोटोचा आकार आपोआप कमी होतो आणि बारीक टिंब पुसलं जातं. ०.५ चं ०५ किंवा नुसतं ५ दिसायला तेवढं पुरतं. तयारीपुरता फोटो घ्यायचा तरी "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" असं सांगा, मग मूळ दर्जा राहतो.

आता दुसरा प्रकार, जिथे कागद मुळात नसतोच. २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना आल्या. दूरध्वनी किंवा व्हिडिओवर तपासलेल्या रुग्णाला डॉक्टर सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो, स्कॅन किंवा ई-प्रिस्क्रिप्शन ईमेलने वा मेसेजिंग ॲपवर पाठवू शकतात, हे त्यांनी मान्य केलं. म्हणजे सल्लाच ऑनलाइन झाला असेल, तर पडद्यावरची चिठ्ठी हीच मूळ चिठ्ठी. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजाला आणि इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीला मान्यता देतो, तोही आधार आहे. पण या सूचनांत औषधांच्या याद्या आहेत आणि दुकानदाराने त्या माहीत करून घ्यायलाच हव्यात. यादी ओ म्हणजे साधी, बिनचिठ्ठीची औषधं. ती कुठल्याही माध्यमातल्या सल्ल्यावर चालतात. यादी ए मधली औषधं पहिल्याच सल्ल्यात द्यायची तर तो सल्ला व्हिडिओवर झालेला हवा. यादी बी त्या रुग्णांसाठी, ज्यांना त्याच आजारासाठी त्या डॉक्टरांनी आधी प्रत्यक्ष तपासलं आहे आणि आता चालू औषधांत एखादं वाढवायचं आहे. शेड्यूल एक्स आणि अंमली व मनोव्यापारी द्रव्यांच्या कायद्याखालची औषधं मूळ सूचनांनी टेलिमेडिसिनच्या बाहेर ठेवली. त्यामुळे पूर्वी कधी न पाहिलेल्या ॲपवरच्या डॉक्टरने लिहिलेली अल्प्राझोलामसारखी झोपेची किंवा ट्रामाडॉलसारखी वेदनाशामक गोळी काउंटरवर आली, तर ती परत करायला हरकत नाही. हरकत आहे ती देण्याला.

अशी चिठ्ठी खरी की नाही हे पाहायला पाचेक मिनिटं लागतात. स्क्रीनशॉट घेऊ नका, मूळ पीडीएफ मागा. डिजिटल सही फाइलच्या आत असते. स्क्रीनशॉटमध्ये सहीचं नुसतं चित्र उरतं, जे कुणीही चिकटवू शकतं. पीडीएफ वाचायच्या ॲपमध्ये सहीवर टिचकी मारली की सही कुणाची आणि नंतर फाइल बदलली आहे का, ते दिसतं. सही डिजिटल नसून हाताची स्कॅन केलेली असेल तर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या किंवा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावर तपासा. चिठ्ठीवर छापलेल्या नंबरवर फोन करून खात्री झाली असं मानू नका. खोटी चिठ्ठी छापणारा नंबरही स्वतःचाच छापतो. मग त्या फाइलची प्रिंट काढा, तिच्यावर सहीच्या वर शिक्का मारा, बिल क्रमांक लिहा, प्रिंट दुकानात ठेवा आणि मूळ फाइल दुकानाच्या ईमेलवर जपा. भावाच्या खासगी फोनमध्ये रुग्णांच्या चिठ्ठ्या साठू देऊ नका. दुकानाचा वेगळा नंबर, वेगळं खातं. औषधांची नावं वाचून माणसाचा आजार कळतो, आणि गावात ते फार लवकर पसरतं.

याच सूचनांतली एक ओळ समोरच्या डॉक्टरांसाठी आहे. डॉक्टर चिठ्ठी थेट दुकानाला पाठवणार असतील तर रुग्णाची स्पष्ट संमती हवी, आणि औषध कुठल्या दुकानातून घ्यायचं हे रुग्णाने ठरवायचं. दवाखान्यातून सगळ्यांच्या चिठ्ठ्या आपोआप तुमच्याच व्हॉट्सॲपवर येऊ लागल्या, तर ती सोय तुम्हाला कितीही बरी वाटली तरी घेऊ नका. त्यापाठोपाठ टक्केवारीची बोलणी येतात, आणि डॉक्टरांच्या आचारसंहितेत कमिशनला साफ मनाई आहे.

आता डॉक्टरांचा फोन. नियम ६५ च्या पोटनियम १० मध्ये चिठ्ठीची व्याख्याच "लेखी" अशी सुरू होते. आपल्याकडे तोंडी प्रिस्क्रिप्शन नावाची गोष्ट नाही. तुम्ही फोनवर ऐकलेलं नाव वहीत टिपलंत तर ते तुमचं लेखन झालं, डॉक्टरांचं नव्हे. संध्याकाळी कागद येईलही, पण त्याच्यावरची तारीख आणि तुमच्या बिलाची वेळ यांचा मेळ बसवताना एखाद्या दिवशी कागद येणारच नाही, आणि तपासणी नेमकी त्याच दिवसाच्या बिलावर थांबेल. तातडीच्या रुग्णासाठी दोन सरळ वाटा आहेत. दवाखाना समोरच आहे, तर तीन ओळींची चिठ्ठी लिहून, सही करून रुग्णाच्या हातात द्यायला डॉक्टरांना मिनिटही लागत नाही. दुसरी वाट अशी की डॉक्टरांनी लागणारी इंजेक्शनं आणि गोळ्या दवाखान्यात थोड्या ठेवाव्यात. स्वतःच्या रुग्णाला ते आपल्या साठ्यातून औषध देऊ शकतात, आणि तो साठा ते तुमच्याकडून सही केलेल्या लेखी मागणीपत्रावर घेऊ शकतात. ते मागणीपत्र तुम्ही दोन वर्षं जपायचं. डॉक्टरांशी हे बोलताना नियमाचा धाक घालू नका. "मागणीपत्राचं कोरं पुस्तक मीच छापून देते" म्हणा, काम होतं.

चिठ्ठीत काय हवं याची यादी कायद्यात लहान आहे. लेखी, डॉक्टरांच्या नेहमीच्या सहीने, त्यांनीच घातलेली तारीख. रुग्णाचं नाव आणि पत्ता. औषध एकूण किती द्यायचं आणि किती मात्रेत घ्यायचं. बस. शेवटच्या ओळीवर सगळ्यात जास्त चिठ्ठ्या अडखळतात. "१-०-१, ५ दिवस" (सकाळी एक, रात्री एक) लिहिलं असेल तर दहा गोळ्या हा हिशेब सरळ आहे. दिवसच लिहिले नसतील तर एकूण मात्रा कळत नाही, आणि तिथे आपण "एक पत्ता देऊ" म्हणून मोकळे होतो. पत्ता दहाचा की पंधराचा हे कंपनी ठरवते, डॉक्टर नाही. प्रतिजैविक असेल तर तीन दिवस आणि सात दिवस यात आजार बरा होणं आणि उलटणं एवढा फरक पडू शकतो. अशा वेळी रुग्णाला परत पाठवा किंवा डॉक्टरांना फोन करून दिवस विचारा आणि कागदावर त्यांच्याकडून लिहून आणायला सांगा. समोरच्या डॉक्टरांच्या बाबतीत हे अवघड नाही.

रुग्णाच्या घराचा पत्ता बहुतेक चिठ्ठ्यांवर नसतो. तो रुग्णाला विचारून बिलावर नीट टिपा आणि डॉक्टरांना चिठ्ठीवर लिहायची सवय लावा. सही किंवा तारीख नसेल तर मात्र तुम्ही काहीच भरू शकत नाही. ते डॉक्टरांचंच काम. नोंदणी क्रमांकाची सक्ती नियम ६५ मधून येत नाही, डॉक्टरांच्या आचारसंहितेतून येते: दवाखान्यात, चिठ्ठीवर, प्रमाणपत्रावर आणि पावतीवर तो हवा. ही आचारसंहिता २००२ ची. २०१६ मध्ये तिच्यात बदल होऊन औषधं जेनेरिक (कंपनीच्या ब्रँडऐवजी मूळ घटकाच्या) नावाने, सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत असं आलं. २०२३ मध्ये नवे नियम निघाले आणि त्याच ऑगस्टमध्ये स्थगित झाले, त्यामुळे अजून जुनीच संहिता धरायची. चिठ्ठी कुठल्या भाषेत असावी याबद्दल नियम ६५ काहीच म्हणत नाही. डोस मराठीत लिहिणारे डॉक्टर गावाकडे आहेत, आणि आमच्या मते ते रुग्णाचं भलंच करतात.

अक्षरापेक्षा आकडे आणि संक्षेप जास्त घात करतात. टिंबाआधी शून्य नसेल तर .५ चं ५ होतं. टिंबानंतर विनाकारण शून्य असेल तर १.० चं १० होतं. इन्सुलिनच्या एककासाठी लिहिलेलं इंग्रजी यू हे अक्षर शून्यासारखं दिसतं आणि १० एककांचे १०० होतात. त्यात आपल्याकडे ४० एकक आणि १०० एकक अशा दोन्ही ताकदींचं इन्सुलिन मिळतं. ४० च्या सिरिंजचं टोपण लाल, १०० चं केशरी. बाटली आणि सिरिंज वेगवेगळी गेली तर डोस अडीच पट चुकतो. इन्सुलिन देताना सिरिंज कुठली ते विचारल्याशिवाय पिशवी बांधू नका. मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चिठ्ठीवर नुसतं "१ गोळी" असेल आणि रुग्णाने ती रोज घेतली तर अस्थिमज्जेवर परिणाम होऊन जीव जाऊ शकतो. तिथे वार विचारा आणि पाकिटावर मराठीत, ठळक, "फक्त दर सोमवारी" असं लिहून द्या. "एसओएस", म्हणजे गरज पडली तरच, असं लिहिलेल्या वेदनाशामकाला दिवसात जास्तीत जास्त किती, हे विचारायला विसरू नका. नाव वाचताना शंका आली तर आजार विचारा. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि पोटाच्या जंतुसंसर्गाची मेट्रोनिडाझोल वाकड्या अक्षरात जुळी दिसतात, पण रुग्णाला एक प्रश्न विचारला की वेगळी होतात.

बीपी-शुगरच्या जुन्या कागदाकडे येऊ. सर्वसाधारण चिठ्ठी अमुक दिवसांनी बाद होते असं औषध नियमांत कुठे लिहिलेलं नाही. अडचण तारखेची नाही, पुन्हा पुन्हा देण्याची आहे. डॉक्टरांनी "पुन्हा द्यावे" असं लिहिलं नसेल तर शेड्यूल एचमधलं औषध त्या कागदावर दुसऱ्यांदा देता येत नाही. किती वेळा किंवा किती अंतराने हे लिहिलं असेल तर त्यापलीकडे देता येत नाही. हा तिढा दुकानात सुटत नाही, दवाखान्यात सुटतो. डॉक्टरांना एवढीच ओळ लिहायला सांगा: "दरमहा ३० गोळ्या, ६ महिने." मग तुम्ही दर महिन्याला शिक्का मारा, शेजारी हाताने "३० दिल्या" आणि बिल क्रमांक लिहा. सहा शिक्के भरले की रुग्णालाच कळतं की आता तपासायला जायचं. पहिल्या वेळी नोंद पूर्ण केली असेल, तर पुढच्या वेळी नवा अनुक्रमांक, तारीख, दिलेली संख्या आणि आधीच्या नोंदीचा संदर्भ एवढं पुरतं. सगळं पुन्हा लिहावं लागत नाही. पैसे नाहीत म्हणून कुणी तीसपैकी दहाच गोळ्या मागितल्या, तर दहा द्या आणि कागदावर तसं लिहा. पुढचा दुकानदार, म्हणजे बहुधा तुम्हीच, उरलेल्या वीसच द्याल. गोळ्यांचा पत्ता कापताना बॅच आणि मुदत छापलेला भाग कापून जाऊ नये. कापलाच तर ते दोन्ही पाकिटावर उतरवून द्या.

लिहिलेला ब्रँड नाही, दुसरा देऊ का, हे तुम्ही विचारलं नाही, पण विचारणार. पोटनियम ११-अ सांगतो की शेड्यूल एच किंवा एक्समधल्या औषधाऐवजी दुसरं कुठलंही औषध द्यायचं नाही, त्यात घटक तोच असला तरी. चिठ्ठीवर जेनेरिक नाव असेल तर कुठल्याही कंपनीचं चालतं, कारण तिथे तुम्ही काही बदलतच नाही. ब्रँड लिहिला असेल तर डॉक्टरांनी कागदावर दुरुस्ती करून सही करायची. हा नियम स्वस्त औषध मागणाऱ्या गरीब रुग्णाच्या आड येतो, हे खरं आहे, आणि २०१६ च्या जेनेरिकच्या सूचनेशी तो नीट जुळत नाही. पण काउंटरवर तो तुम्हालाच बांधतो, डॉक्टरांना नाही. म्हणून जेनेरिक नाव लिहायला डॉक्टरांना राजी करणं हाच उपाय. बदल मान्य झाला तरी साधी गोळी आणि हळूहळू विरघळणारी गोळी यांची अदलाबदल करू नका. साखरेच्या औषधात त्या फरकाने माणूस चक्कर येऊन पडतो.

झोपेच्या गोळ्या. शेड्यूल एच वन ३० ऑगस्ट २०१३ च्या अधिसूचनेने आलं आणि १ मार्च २०१४ पासून लागू झालं. सुरुवातीला त्यात ४६ औषधं होती: वरच्या फळीतली प्रतिजैविकं, क्षयरोगाची औषधं, आणि अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम, ट्रामाडॉल, कोडीन यांच्यासारखी सवय लावणारी. यांच्यासाठी वेगळं रजिस्टर हवं. त्यात डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषधाचं नाव आणि दिलेली संख्या. नोंद विक्रीच्या वेळीच करायची आणि तीन वर्षं जपायची. बाकीचे दप्तर शेवटच्या नोंदीपासून किमान दोन वर्षं. बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये एच वनचा अहवाल निघतो, पण औषधांच्या यादीत त्या औषधावर एच वनची खूण केली असेल तरच. खूण राहिलेली चार औषधं सापडली की सगळं रजिस्टर संशयात येतं. आठवड्यातून एकदा एच वनच्या एका औषधाचा ताळा घ्या. खरेदीच्या बिलांवर १०० पत्ते, रजिस्टरमध्ये ६०, कपाटात २०, तर उरलेले २० कुठे गेले हा प्रश्न औषध निरीक्षक विचारण्याआधी तुम्ही स्वतःला विचारलेला बरा. क्षयरोगाच्या औषधांसाठी रजिस्टरच्या पुढे आणखी एक काम आहे: मार्च २०१८ च्या अधिसूचनेपासून अशा रुग्णाची माहिती क्षयरोग यंत्रणेला कळवणं औषध दुकानदारांवरही बंधनकारक आहे. शेड्यूल एक्ससाठी, म्हणजे केटामिन, मिथाइलफेनिडेट यांच्यासाठी, परवाना वेगळा, चिठ्ठी दोन प्रतींत, त्यातली एक तुमच्याकडे दोन वर्षं, आणि माल कुलपात. तालुक्याच्या दुकानाने त्या वाटेला न जाणंच शहाणपणाचं.

वाद घालणाऱ्या गिऱ्हाइकाच्या कागदाकडे नीट बघा. दहाच्या एकाला वळण देऊन तीस केलेलं, तारखेच्या शाईचा रंग वेगळा, चार औषधांच्या चिठ्ठीतलं फक्त झोपेचंच हवं, डॉक्टर शंभर किलोमीटरवरचे. यातली दोन लक्षणं जुळली तर "डॉक्टरांशी बोलल्याशिवाय देता येणार नाही" एवढं म्हणा आणि थांबा. "स्टॉक नाही" म्हणू नका. कपाटात पत्ते दिसतात आणि भांडण वाढतं.

घरपोच देण्याबद्दल थोडक्यात. २६ मार्च २०२० ची, कोविडच्या काळातली, जीएसआर २२० ही केंद्राची अधिसूचना ईमेलने आलेल्या चिठ्ठीवर घरपोच विक्रीला परवानगी देते, पण अटींसह: एच वन, एक्स आणि अंमली-मनोव्यापारी औषधं वगळून, फक्त आपल्या महसुली जिल्ह्यात, जुनाट आजाराची चिठ्ठी ३० दिवसांच्या आत आणि तात्पुरत्या आजाराची ७ दिवसांच्या आत सादर झाली तरच. औषध विक्रेत्यांच्या अखिल भारतीय संघटनेने ती मागे घेण्याची मागणी लावून धरली आहे. तिच्या आधाराने काही सुरू करण्याआधी अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाला लेखी विचारा आणि लेखीच उत्तर घ्या. चिठ्ठीशिवायचा "घरपोच सेवा" फलक मात्र आजच उतरवा, लावला असेल तर.

जनावरांच्या औषधांना तोच नियम. पशुवैद्यकाची लेखी चिठ्ठी, रुग्णाच्या जागी मालकाचं नाव आणि पत्ता. म्हशीच्या सुजेसाठी शेतकरी माणसांचं डायक्लोफेनॅक मागतो, तेव्हा साफ नकार द्या. जनावरांसाठी ते बंद आहे, कारण उपचार केलेलं जनावर मेलं की ते खाऊन गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. माणसांसाठीचं इंजेक्शनही २०१५ पासून ३ मिलिलिटरच्या एकाच डोसच्या कुपीत येतं, ते मोठ्या बाटल्या गोठ्यात जात होत्या म्हणूनच. दंतवैद्याची चिठ्ठी चालते, पण ती दातांच्या उपचाराची असावी.

राहिलं भावाचं. चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या हातून किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच द्यायचं, असं नियम ६५ मध्ये आहे, आणि १९४८ च्या फार्मसी कायद्याचं कलम ४२ ही तेच सांगतं. तुम्ही जेवायला घरी आणि फोनवर, ही देखरेख होत नाही. औषध निरीक्षकाचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो, आणि तो दुपारीच येतो. डबा दुकानात आणा. नाहीतर एक ते दोन चिठ्ठीवरची औषधं मिळणार नाहीत असा फलक लावा आणि त्या तासात भावाने साबण, डायपर, ओआरएसची पाकिटं एवढंच विकावं. त्या तासाचं एकही एचचं बिल निघू नये, कारण बिलावर वेळ छापलेली असते.

तपासणीत त्रुटी निघालीच, तर लगेच परवाना जात नाही. आधी कारणे दाखवा नोटीस येते. तिला दिलेल्या मुदतीत, मुद्देनिहाय उत्तर द्या आणि प्रत्येक मुद्द्याला कागद जोडा: रजिस्टरच्या पानांच्या प्रती, खरेदी बिलं, सुधारणा केल्याचा पुरावा. "यापुढे काळजी घेऊ" एवढ्या एका ओळीच्या उत्तरावर निलंबनाचा आदेश निघणं सोपं जातं. आदेश निघालाच तर नियम ६६ प्रमाणे राज्य शासनाकडे तीन महिन्यांत अपील करता येतं. गंभीर प्रकरणात खटला होतो. १९४० च्या कायद्याच्या कलम २७-ड मध्ये एक ते दोन वर्षं कैद आणि किमान वीस हजार रुपये दंड आहे. तपासणीच्या वेळी निरीक्षकाने पंचनाम्यावर सही मागितली तर आधी पूर्ण वाचा, चुकीचं लिहिलं असेल तिथे आपलं म्हणणं त्याच कागदावर लिहा आणि मग सही करून एक प्रत ठेवून घ्या. पुढच्या महिन्याची वाट न पाहता या आठवड्यात करायचं काम म्हणजे तीन शिक्के बनवून घेणं: नाव-पत्ता-तारखेचा एक, "एच वन नोंद क्र." असा एक, आणि "___ गोळ्या दिल्या, शिल्लक ___" असा एक. तिसरा आकाराने लहान करा, सहीच्या वर जागा कमी असते.